युरोपात तळ कुठे ठोकायचा?

पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातले लघु आणि मध्यम उद्योग युरोपात माल विकू लागतात, तेव्हा पहिली काही वर्षं ते इथूनच काम भागवतात. न्हावाशेवाहून कंटेनर जातो, तिकडचा आयातदार तो सोडवून घेतो, पैसे बँकेत येतात. मग कधीतरी ग्राहक म्हणतो, 'माल आमच्या दारात आणून द्या, कस्टम्सचं तुमचं तुम्ही बघा.' किंवा एखादा मोठा खरेदीदार अट घालतो की बिल युरोपातल्या कंपनीचंच हवं. तिथून तिकडे स्वतःची कंपनी काढण्याचा विचार सुरू होतो आणि देश कोणता, हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नावर सल्ला देणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे, आणि या कामात मला सतत खटकत आलेली गोष्ट एकच: बहुतेक उद्योजक हा प्रश्न करदरांचा तक्ता समोर ठेवून सोडवतात. हंगेरी ९ टक्के, बल्गेरिया १० टक्के, आयर्लंड साडेबारा टक्के, नेदरलँड्स ठरावीक नफ्यापर्यंत १९ आणि त्यापुढे २५.८ टक्के, जर्मनी सगळं मिळून सुमारे ३० टक्के. तक्त्यातला सर्वांत लहान आकडा निवडायचा आणि नोंदणी करून मोकळं व्हायचं. माझ्या मते माल विकणाऱ्या उद्योगासाठी करदर या निर्णयात फार मागे येतो. माल कुठे उतरतो, खेळतं भांडवल कुठे अडकतं आणि तिथे रोजचं काम कोण करणार, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर देश ठरतो. ही उत्तरं प्रामाणिकपणे शोधली तर महाराष्ट्रातल्या बऱ्याच निर्यातदारांच्या बाबतीत ती नेदरलँड्सकडे नेतात. पण त्याची कारणं नोंदणी करून देणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात छापलेली नसतात, आणि त्या देशात उतरल्यावर येणारी ओझीही तिथे छापलेली नसतात.

आधी जे बदलत नाही ते बाजूला काढू. युरोपीय संघात २७ देश असले तरी सीमाशुल्काच्या बाबतीत तो एकच देश आहे. यंत्राचा सुटा भाग असो, सुती चादर असो की द्राक्षांची पेटी, रॉटरडॅमला जो दर लागतो तोच हॅम्बुर्गला, अँटवर्पला आणि ग्रीसच्या पिरेअस बंदरातही लागतो. एका दारातून शुल्क भरून माल आत गेला की तो लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत पुन्हा सीमाशुल्क न भरता फिरतो. भारत आणि संघ यांच्यातल्या व्यापार कराराच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. अशा करारातून मिळणारी शुल्कसवलतही सगळ्या देशांत सारखीच असते, कारण ही बोलणी संघ एकत्र करतो. त्यामुळे अमुक देशात कंपनी काढली तर ड्यूटी कमी लागेल, असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. मग तळ हवाच कशाला? संघाच्या सीमाशुल्क कायद्यानुसार आयातीचं घोषणापत्र देणारा सामान्यतः संघातच स्थापन झालेला असावा लागतो. भारतीय कंपनीला ते स्वतःच्या नावाने देता येत नाही. तिला असा कस्टम्स एजंट शोधावा लागतो जो तिच्या वतीने पण स्वतःच्या नावाने घोषणापत्र देईल. शुल्काची जबाबदारी त्याच्यावरही येते, म्हणून तो हमी मागतो आणि फीही जास्त घेतो. शिवाय डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या उत्पादन-सुरक्षा नियमांमुळे ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी संघातली एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था नेमावी लागते. वैद्यकीय उपकरणांसाठी तशीच सोय २०२१ पासूनच्या नियमांनुसार लागते. पोलाद आणि अॅल्युमिनियमच्या आयातदारावर कार्बनच्या हिशेबाचं बंधन जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे आलं आहे. तळाची गरज या सगळ्यातून निर्माण होते. कर वाचवण्याची इच्छा त्यात कुठेच नाही.

आता भांडवलाचा मुद्दा. हा मुद्दा मी सर्वांत जास्त वेळ देऊन समजावतो, कारण उद्योजकाच्या हिशेबात तो बहुधा नसतोच. माल युरोपात उतरला की सीमाशुल्काबरोबर आयात-व्हॅट लागतो. हा व्हॅट पुढे परत मिळतो, तो खर्च नाही. पण तो भरायचा आज आणि परत मिळणार नंतर. समजा एखादा उद्योग महिन्याला चार कंटेनर पाठवतो आणि प्रत्येकात एक लाख युरोचा माल आहे. नेदरलँड्समध्ये सर्वसाधारण व्हॅट २१ टक्के आहे. म्हणजे महिन्याला ८४,००० युरो, आणि तिमाही विवरणपत्र भरेपर्यंत अडीच लाख युरो सरकारकडे पडून. सरासरी दोन लाख अडकले असं धरलं आणि आपल्याकडच्या बँकेचा दर १० टक्के धरला, तरी वर्षाला २०,००० युरोचं व्याज झालं. डच व्हॅट कायद्याच्या कलम २३ खाली मिळणारा परवाना हा प्रश्नच काढून टाकतो. परवानाधारकाने आयातीच्या वेळी व्हॅट भरायचा नसतो. तो विवरणपत्रात एका रकान्यात देणं म्हणून दाखवायचा, दुसऱ्या रकान्यात वजावट म्हणून घ्यायचा, आणि हातातून एक पैसाही जात नाही. बेल्जियममध्ये अशीच सोय परवान्याने मिळते आणि फ्रान्सने २०२२ पासून ती सरसकट केली आहे. जर्मनीत रक्कम भरावी लागते, पण तिची मुदत आयातीनंतरच्या दुसऱ्या महिन्याच्या २६ तारखेपर्यंत पुढे नेता येते. आता तक्त्यात सर्वांत वर असलेल्या हंगेरीकडे पाहा. तिथला कंपनी-कर ९ टक्के, पण व्हॅट २७ टक्के, संघात सर्वांत जास्त, आणि समुद्री बंदर नाहीच. कंपनीने वर्षाला एक लाख युरो नफा कमावला तर नेदरलँड्सच्या १९ टक्क्यांऐवजी हंगेरीचे ९ टक्के भरून १०,००० युरो वाचतात. वर आपण मोजलेलं नुसतं व्याज त्याच्या दुप्पट आहे. आणि नवी विक्री कंपनी पहिल्या दोन-तीन वर्षांत एक लाख युरो नफा सहसा कमावत नाही. व्हॅट मात्र पहिल्या कंटेनरपासून लागतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. पहिल्या वर्षांत नफा नसेल, पण दहा वर्षांनी असेल. मग आजच कमी कराचा देश निवडणं शहाणपणाचं नाही का? याचं उत्तर युरोपात नाही, भारतात आहे. परदेशी उपकंपनीकडून भारतीय कंपनीला मिळणाऱ्या लाभांशावर पूर्वी १५ टक्क्यांचा सवलतीचा दर होता. ती सवलत आर्थिक वर्ष २०२२-२३ पासून संपली. आता तो लाभांश नेहमीच्या दराने करपात्र आहे, आणि २२ टक्क्यांचा पर्याय निवडलेल्या कंपनीसाठी अधिभार व उपकर धरून हा दर २५ टक्क्यांच्या किंचित वर जातो. म्हणजे हंगेरीत वाचवलेला पैसा घरी आणला की त्यावर इथे पूर्ण कर बसतो. पैसा तिकडेच ठेवून तिकडेच गुंतवायचा असेल तर गणित थोडं बदलतं, हे मान्य. पण आपले उद्योजक पैसा तिकडे ठेवत नाहीत, त्यांना तो इथल्या नव्या शेडसाठी, नव्या यंत्रासाठी हवा असतो. दुसरी गोष्ट, कंपनी परदेशात नोंदवली म्हणून ती आपोआप परदेशी ठरत नाही. करनिर्धारण वर्ष २०१७-१८ पासून आपल्या आयकर कायद्यात असा नियम आहे की कंपनीचे महत्त्वाचे निर्णय जिथून होतात तो देश तिचा खरा मुक्काम मानला जातो. वार्षिक उलाढाल ५० कोटी रुपयांपर्यंत असलेल्या कंपन्यांना यातून वगळलं आहे. पण त्यापुढे वाढलेल्या कंपनीची प्रत्येक ऑर्डर, प्रत्येक किंमत आणि प्रत्येक नेमणूक चाकण किंवा सातपूरच्या ऑफिसातून ठरत असेल, तर ती भारतात रहिवासी ठरवली जाऊ शकते. लहान कंपनीलाही भारतातल्या मूळ कंपनीकडून कोणत्या किमतीला माल घेतला हे बाजारभावाशी ताडून दाखवावंच लागतं. एस्टोनियाच्या कराच्या आकर्षणाचंही असंच. डिसेंबर २०१४ पासून तिथली ई-रेसिडेन्सी जगभर गाजली आहे. घरबसल्या कंपनी निघते, आणि नफा वाटेपर्यंत त्यावर कर नाही. सॉफ्टवेअर किंवा सल्लासेवा विकणाऱ्याला ती सोय उपयोगी पडू शकते. पण कंटेनर उतरवायला तिथलं टालिन ही जागा नव्हे, आणि नफा वाटला की २०२५ पासून २२ टक्के कर आहेच.

माल उतरवण्याच्या जागेबद्दल आता जरा सविस्तर लिहितो, कारण नेदरलँड्सची बाजू इथे सर्वांत भक्कम आहे. रॉटरडॅम हे युरोपातलं सर्वांत मोठं बंदर. वर्षाला वीस फुटी मापाचे एक कोटी तीस लाखांहून अधिक कंटेनर तिथे हाताळले जातात. पण निर्यातदाराच्या दृष्टीने बंदराच्या आकारापेक्षा बंदराच्या मागे काय उभं आहे हे महत्त्वाचं. नाशिकच्या द्राक्षांचं उदाहरण घ्या. युरोपला जाणाऱ्या भारतीय द्राक्षांचा मोठा हिस्सा नेदरलँड्समध्ये उतरतो, आणि डच लोक तेवढी द्राक्षं खातात म्हणून तो तिथे उतरत नाही. रॉटरडॅमच्या दक्षिणेला बारेनड्रेख्त आणि जर्मन सीमेजवळ व्हेनलो या भागांत फळांची शीतगृहं, पुन्हा पॅकिंग करणारी केंद्रं, तपासणी प्रयोगशाळा आणि वाहतूकदार एकमेकांना लागून उभे आहेत. कंटेनर उघडला, काही घडांचे देठ सुकलेले निघाले, तर तिथल्या तिथे निवड होते, माल नव्या डब्यांत भरला जातो आणि दुसऱ्या दिवशी जर्मनीतल्या सुपरमार्केटच्या गोदामात पोचतो. ही साखळी एका पिढीत उभी राहिलेली नाही, आणि कोणतंही सरकार करसवलत देऊन ती दुसरीकडे नेऊ शकत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडली तेव्हा नाशिक आणि सांगलीच्या बागायतदारांनी मोठा फटका सोसला. त्या हंगामाने एक गोष्ट पक्की दाखवली: माल अडतो तेव्हा तिथे आपल्या बाजूने बोलणारं, प्रयोगशाळेचा अहवाल मागणारं, दुसरा नमुना तपासून घेणारं माणूस हवं. तांबड्या समुद्रातले हल्ले २०२३ च्या अखेरीस सुरू झाल्यावर जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. नाशवंत मालाचं आयुष्य तेवढंच कमी झालं. उतरल्यावरचे तास आता अधिकच मोलाचे आहेत. डचांना स्वतःला हे गणित जुनं आहे. गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवायला आणि आपल्या जहाजांना रसद पुरवायला त्यांनी सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला वखार घातली, आणि तिच्या भिंतींचे अवशेष आजही तिथे उभे आहेत.

बंदराबाहेर आणखी दोन गोष्टी या देशाच्या बाजूने आहेत. इंग्रजी तिथे कामाची भाषा म्हणून सर्रास चालते. गोदामाच्या पर्यवेक्षकापासून बँकेतल्या अधिकाऱ्यापर्यंत संवाद अडत नाही, आणि जानेवारी २०१९ पासून अॅम्स्टरडॅममध्ये असं व्यापारी न्यायालय आहे जिथे दोन्ही पक्षांनी तसं लिहून दिलं असेल तर पूर्ण खटला इंग्रजीत चालतो. करारातला वाद युरोपच्या मुख्य भूमीवर इंग्रजीत लढता येणं ही लहान उद्योगासाठी फार मोठी गोष्ट आहे. दुसरं, बीव्ही या प्रकारच्या कंपनीसाठी पूर्वी १८,००० युरो भांडवल लागायचं. ऑक्टोबर २०१२ पासून ते एका सेंटवर आलं. जर्मनीत तशाच प्रकारच्या जीएमबीएच कंपनीसाठी अजून २५,००० युरो लागतात. पण हा मुद्दा मी फार ताणत नाही. ज्याला २५,००० युरो भांडवल घालणं जड जातं, त्याने युरोपात कंपनी काढण्याची घाई करूच नये.

नेदरलँड्सच्या विरुद्ध बोलणाऱ्यांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. युनिलिव्हरने २०२० मध्ये आपली दुहेरी रचना मोडून फक्त ब्रिटनमध्ये राहणं पसंत केलं. शेलने २०२१ च्या अखेरीस मुख्यालय हेगहून लंडनला नेण्याचं जाहीर केलं आणि नावातलं 'रॉयल डच' सोडलं. इतक्या जुन्या कंपन्या निघून जातात तिथे आपण का जावं, असं विचारलं जातं. या कंपन्यांच्या हिशेबात भागधारकांची रचना आणि लाभांशावरचा १५ टक्के डच कर यांचं वजन मोठं होतं. तासगावच्या बेदाण्याच्या निर्यातदाराला किंवा कोल्हापूरच्या फाउंड्रीला तो प्रश्न त्या आकारात भेडसावत नाही. त्यांना भेडसावणारी ओझी वेगळी आहेत. पहिलं आजारपणाच्या पगाराचं. नेदरलँड्समध्ये कर्मचारी आजारी पडला तर मालकाने दोन वर्षांपर्यंत किमान ७० टक्के पगार द्यायचा असतो, आणि त्या काळात त्याला कामावरून काढता येत नाही. दोन-तीन माणसांच्या कंपनीतला एक माणूस दीर्घ आजारी पडला तर त्या कंपनीचा वर्षाचा नफा त्यात जातो. यासाठी विमा मिळतो, पण तो घ्यायला हवा हे नोंदणीच्या दिवशी फारसं कोणी सांगत नाही. त्यावर वार्षिक पगाराच्या ८ टक्के सुट्टीभत्ता कायद्याने द्यावा लागतो. दुसरं ओझं माणसाचं. 'आमचा पुतण्या तिकडे पाठवू, तो सगळं बघेल' हा बेत बहुतेक घरांत ठरलेला असतो. पण कुशल स्थलांतरिताच्या योजनेत माणूस आणायला आधी कंपनीला तिथल्या स्थलांतर विभागाची मान्यता मिळवावी लागते, आणि २०२५ मध्ये तीस वर्षांवरच्या माणसासाठी किमान पगार दरमहा ५,६८८ युरो ठरलेला होता. नव्या कंपनीला हे झेपत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की पहिली काही वर्षं स्वतःची माणसं नेमूच नयेत. गोदाम, पॅकिंग, कस्टम्स आणि हिशेब हे सगळं करार करून देणाऱ्या कंपन्या तिथे मुबलक आहेत, आणि या देशाची खरी ताकद तीच आहे.

तिसरं ओझं बँकेचं, आणि ते सर्वांत अनपेक्षित ठरतं. कंपनी आठवड्या-दोन आठवड्यांत निघते, पण खातं उघडायला कित्येक महिने जाऊ शकतात. याला कारण आहे. काळा पैसा पांढरा करण्याच्या प्रकारांवर नीट लक्ष न ठेवल्याबद्दल आयएनजी बँकेला २०१८ मध्ये ७७ कोटी ५० लाख युरो आणि एबीएन अॅम्रोला २०२१ मध्ये ४८ कोटी युरो मोजावे लागले. तेव्हापासून तिथल्या बँका प्रत्येक नव्या परदेशी मालकाची कसून चौकशी करतात. या कंपनीचा अंतिम मालक कोण, पैसा कुठून आला, नेदरलँड्समध्ये प्रत्यक्ष काम काय, ग्राहक कोण, असे प्रश्न येतात. आपल्या कुटुंबांतल्या कंपन्यांमध्ये शेअर्स आई, काकू, हिंदू अविभक्त कुटुंब आणि एखादा ट्रस्ट यांच्यात वाटलेले असतात, आणि तो पट समजावून सांगता सांगता महिने जातात. यातून एकच वाट निघते: नुसतं पत्त्यापुरतं ऑफिस घेऊन बँकेकडे जाऊ नये. हातात सही केलेला गोदामाचा करार, ग्राहकाची ऑर्डर आणि पहिल्या कंटेनरची कागदपत्रं असली की तीच बँक वेगळ्या नजरेने पाहते. ज्या गोष्टी कंपनी काढल्यानंतर करायच्या असं आपण समजतो, त्या आधी केल्या तर कंपनी पुढे चालते.

आता जिथे नेदरलँड्स हे उत्तर नाही त्या बाजूकडे येतो. पुण्याच्या भारत फोर्जने २००३-०४ मध्ये जर्मनीतली कार्ल दान पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी घेतली. तिचा कारखाना एनेपेटालला, म्हणजे जर्मनीच्या जुन्या धातुउद्योगाच्या पट्ट्यात. ट्रक आणि मोटार बनवणाऱ्या कंपन्यांचे अभियंते सुट्या भागाची रचना ठरत असतानाच पुरवठादाराशी बोलतात, आणि त्या बैठकीत बसायचं असेल तर जर्मनीतच असावं लागतं. तिथला ३० टक्क्यांचा कर हा त्या खुर्चीचा खर्च आहे. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये नेदरलँड्समधली बिल्थोवेन बायोलॉजिकल्स घेतली, पण बंदरासाठी नव्हे. उट्रेख्तजवळच्या त्या प्रकल्पात इंजेक्शनने द्यायची पोलिओची लस बनवण्याचं ज्ञान आणि युरोपात मान्यता असलेला कारखाना होता. तिसरं उदाहरण बजाज ऑटोचं. २००७ पासून तिने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये गुंतवणूक केली, ती नेदरलँड्समध्ये नोंदवलेल्या आपल्या बीव्ही कंपनीमार्फत. कारखाना मॅटिगहोफेनला, मालकीची कंपनी नेदरलँड्समध्ये. आपल्याकडे अनेकांना ही रचना आकर्षक वाटते, पण २०२४ च्या अखेरीस केटीएम अडचणीत आली तेव्हा सगळी प्रक्रिया ऑस्ट्रियाच्या न्यायालयात आणि ऑस्ट्रियाच्या कायद्याने झाली. कागदावरचा तळ कुठेही असो, संकट येतं ते कारखान्याच्या गावी. मालकीसाठी वेगळा देश निवडण्याची ऐपत आणि गरज मोठ्या समूहांना असते. ज्याची युरोपातली सगळी विक्री एका गोदामात मावते, त्याने दोन देशांत दोन कंपन्या काढून दोन हिशेबनीसांना पोसू नये.

लंडनचा विषय टाळता येत नाही, कारण मराठी उद्योजकाचे नातेवाईक, मित्र आणि आठवणीही तिथे असतात. एके काळी लंडन हे संघाचं इंग्रजी बोलणारं दार होतं. ब्रिटन संघाबाहेर पडल्यामुळे ३१ डिसेंबर २०२० नंतर ते नाही. औषधांना मान्यता देणारी संघाची संस्थाच २०१९ मध्ये लंडनहून अॅम्स्टरडॅमला गेली. भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२५ मध्ये व्यापार करार झाला, आणि ब्रिटनच्या बाजारासाठी तो महत्त्वाचा आहे. पण भारतातून ब्रिटनमध्ये शुल्क भरून नेलेला माल पुढे फ्रान्सला पाठवला तर तो भारतीय मुळाचाच राहतो आणि त्यावर संघाचं शुल्क पुन्हा लागतं. ब्रिटनसाठी ब्रिटन आणि संघासाठी संघ, असा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. आयर्लंड संघात आहे आणि इंग्रजी बोलतो, पण कंपनीत युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणारा निदान एक संचालक हवा, नाहीतर २५,००० युरोचा बाँड द्यावा लागतो. शिवाय ते बेट आहे. तिथून जर्मनीला माल पोचवणं महाग पडतं. सॉफ्टवेअरला ते शोभतं. पोलंडबद्दल मात्र माझं मत अनुकूल आहे. ऑनलाइन विक्री करून जर्मन ग्राहकांच्या घरी पार्सल पाठवणाऱ्यांसाठी पश्चिम पोलंडमधली गोदामं डच गोदामांपेक्षा स्वस्त पडतात आणि सीमा जवळ आहे. डच वीजजाळ्यावर इतका ताण आहे की अनेक भागांत नव्या उद्योगांना जोडणीसाठी थांबावं लागतं, हेही पोलंडच्या पारड्यात पडतं. कापड आणि गृहसजावटीच्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या सोलापूर-इचलकरंजीच्या निर्यातदारांनी तो पर्याय गांभीर्याने तपासावा.

शेवटचा आक्षेप असा की एवढी ओझी आहेत तर कंपनी काढावीच कशाला. माझ्या मते निम्म्याहून अधिक उद्योगांनी ती लगेच काढू नये. नेदरलँड्समध्ये मर्यादित करप्रतिनिधी नेमण्याची सोय आहे. कस्टम्सचं काम करणारी डच कंपनी आपल्या कलम २३ च्या परवान्यावर भारतीय कंपनीचा माल आत घेते, व्हॅट न अडकता तो गोदामात जातो आणि ग्राहकाला विकला जातो. भारतीय कंपनीला तिथे ना व्हॅट-नोंदणी करावी लागते, ना बँक खातं उघडावं लागतं. प्रतिनिधी हमी मागतो आणि फी घेतो, पण वर्ष-दोन वर्षं या पद्धतीने काम केलं की खरे आकडे हातात येतात: किती माल परत येतो, गोदामाचं भाडं किती, जर्मन ग्राहक पैसे किती दिवसांनी देतो, रॉटरडॅमहून जर्मनीकडे माल नेणाऱ्या ऱ्हाईन नदीचं पाणी उतरलं तर बार्ज थांबून माल ट्रकने न्यायला किती लागतं. २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात ते पाणी इतकं खाली गेलं होतं की बार्ज अर्धवट भरून चालवाव्या लागल्या. हे आकडे हातात असलेला उद्योजक देश निवडताना सहसा चुकत नाही.

आणि ज्या दिवशी कंपनी काढायचं ठरेल त्या दिवशी आपल्या सीएला त्या बैठकीत बसवा, तिकडच्या नोटरीच्या आधी. ऑगस्ट २०२२ च्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांनुसार भारतीय कंपनीला आपल्या निव्वळ मालमत्तेच्या चौपटीपर्यंत परदेशात गुंतवता येतं, पण पैसा बँकेमार्फत ठरलेल्या फॉर्मवर आणि त्या गुंतवणुकीचा क्रमांक घेऊनच जायला हवा. त्यानंतर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत त्या कंपनीच्या कामगिरीचा अहवाल आपल्या बँकेकडे द्यावा लागतो, कंपनीत एक युरोचाही व्यवहार झाला नसला तरी बहुतेक वेळा तो सुटत नाही. तो राहिला तर विलंबशुल्क भरून बाकी पूर्ण होईपर्यंत तिकडे पुढची रक्कम पाठवता येत नाही, आणि त्या वेळी रॉटरडॅमच्या बंदरात कंटेनर उभा असला तरी नियम तोच राहतो.